ठेलेवाल्याची जागा आराखड्यातच काढा

नागपुरात बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीला, मेट्रोच्या दोन्ही मार्गिका एकत्र येतात. माणसं तिथे उतरतात म्हणून जागेला भाव येतो, कॉम्प्लेक्स उभे राहतात. त्याच गर्दीवर पोट भरणारा ठेलेवाला मात्र अतिक्रमण ठरतो. हा विकास मला मान्य नाही, आणि तो कायद्यालाही धरून नाही.

२०१४ च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणे लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेते आराखड्यात सामावून घ्यायचे असतात. २०११ च्या जनगणनेत मनपा हद्दीत २४ लाखांवर लोक होते, म्हणजे तेव्हाच्याच हिशोबाने ६० हजार विक्रेते. सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कुणाला उठवता येत नाही. 'इथे फार गर्दी होते' या कारणावरून ना-फेरीवाला क्षेत्र ठरवता येत नाही. सर्वेक्षणात आलेला नैसर्गिक बाजार, म्हणजे विक्रेते आणि गिऱ्हाईक पूर्वापार आपसूक जमतात ती जागा, तर ना-फेरीवाला क्षेत्र ठरवताच येत नाही.

गाडं अडतं ते सर्वेक्षणातच. भर दुपारी मोजणी केली की सकाळीच आवरून जाणारा तर्री-पोहेवाला सुटतो, दिवेलागणीला लागणारी पाणीपुरीची गाडी सुटते, आठवडी बाजारातले सगळेच सुटतात. संत्रीवाला मे महिन्यात दिसेल कसा? आंबिया बहाराची संत्री दिवाळीच्या आगेमागे येतात, मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चात. एकाच रस्त्याची मोजणी सकाळ, दुपार, रात्र अशी तीनदा आणि संत्र्याच्या हंगामात पुन्हा एकदा व्हायला हवी. सुटलेल्या माणसाला प्रमाणपत्र नाही, आणि पुढे कारवाई होते ती त्याच्यावरच.

मग फुटपाथ. हातठेला साधारण ४ बाय ६ फुटांचा, म्हणजे १.२ मीटर खोल. पुढे गिऱ्हाईक उभं राहायला ६० सेंटिमीटर लागतात, आणि चालायला किमान १.८ मीटर मोकळे. झाले ३.६ मीटर. नकाशात बहुतेकदा फक्त ठेला धरतात, गिऱ्हाईक धरतच नाहीत. ते चालण्याच्या वाटेत उभं राहतं आणि बोल ठेलेवाल्याला लागतो. ठेल्याचं तोंड रस्त्याकडे केलं तर आणखी वाईट, कारण दुचाक्या डांबरावरच थांबतात. रुंदी कमी असेल तिथे पार्किंगमधून जागा काढा. एका चारचाकीच्या ५ बाय २.५ मीटर जागेत दोन ठेले गिऱ्हाइकांसकट बसतात. दुकानदारांचा याला विरोध असतो हे माहीत आहे, पण रस्ता सगळ्यांचा आहे.

आडबाजूच्या मैदानात हलवणं हा उपाय नव्हे. भाजी घ्यायला कुणी वाट वाकडी करत नाही. धंदा बसला की माणूस मूळ जागी परततो आणि पुन्हा गाडी उचलली जाते.

ठेलेवाल्या भावा-बहिणींनो, हटवण्याआधी ३० दिवसांची नोटीस मागा. माल उचलला तर जागेवरच यादी घ्या. शुल्क भरून माल परत मागितला की नाशवंत माल त्याच दिवशी आणि बाकीचा दोन कामकाजाच्या दिवसांत परत मिळाला पाहिजे, असं याच कायद्याचं कलम १९ सांगतं.