फोटो काढणारी फोटोत कधी येणार?

घरातल्या मुलांचे फोटो कसे काढावेत, यावरचा लेख आवडला. मुलाला सजवून 'हास बघू' म्हणण्यापेक्षा घरात जे चाललंय तेच टिपावं, हे पटलं. पण फोटो काढतं कोण, हे लेखात आलंच नाही. गोव्यात आमच्या फोंड्याकडे तरी मोबाइल आईच्याच हातात. पोराचे ढीगभर फोटो, तिचा मात्र चवथीला (गणेश चतुर्थीला) माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या आराशीखाली, नटून उभी राहिलेला तेवढा. बाबालोकांनो, तो मोबाइल जरा तुम्ही घ्या! सकाळी पोदेराचा (पाववाल्याचा) हॉर्न वाजला की पोर दाराकडे धावतं, आई विस्कटलेल्या केसांनी सुटे पैसे शोधत मागोमाग. हा फोटो काढा. ती 'आता नको' म्हणेलच, नंतर तिलाच दाखवा.

जुन्या घरात राजांगण (मधलं उघडं अंगण) असेल तर त्याच्या कडेला उजेड वरून छान येतो, फ्लॅश नकोच. पावसाळ्यात सावल्याही मऊ पडतात, पण उजेड कमी म्हणून फोन शटर हळू करतो, म्हणजे जास्त वेळ उघडं ठेवतो, आणि पळणारं मूल पुसट येतं. प्रो मोड (हाताने सेटिंग बदलायची सोय) असल्यास शटर १/२५० सेकंदाच्या आसपास ठेवा. आयएसओ (उजेड टिपण्याची संवेदनशीलता) वाढून थोडे दाणे दिसले तर दिसू देत. आणि खाली बसून काढा हो, उभ्याने काढलं की नुसतं टाळकं येतं.

मुलांच्या आंघोळीचे फोटो स्टेटसला टाकणाऱ्यांबद्दल मात्र लेखिकेने फारच सौम्य लिहिलंय. हीच मुलं उद्या शाळेत जाणार आहेत, आणि तिथल्या पोरांच्या घरीही फोन आहेत.