हातात मावेल एवढा फोन मागितला, आभाळ नाही मागितलं

"ल्हान होयो तर मगे कीपॅडवालो घेवा, काकी."

कणकवलीतल्या एका मोबाइलच्या दुकानात आज सकाळी साडेअकराला काउंटरपलीकडच्या पोराने हे वाक्य माझ्या तोंडावर टाकलं, आणि टाकून शेजारच्या पोराकडे बघून हसला. मी पर्समध्ये १७,००० रुपये घेऊन समोर उभी. रोख. गणपतीच्या घाईत रात्री दीड-दीड वाजेपर्यंत मशीनवर बसून ब्लाउज शिवले, त्याचे. आणि त्या पैशांत घेण्यासारखा एकही फोन ना या दुकानात, ना त्याआधीच्या दोन दुकानांत. का? तर मला तो एका हातात धरता यायला हवा म्हणून.

गेल्या सोमवारचं सांगते. तिठ्यावर रिक्षातून उतरले. पाऊस असा की समोरचा वड दिसत नव्हता. डाव्या हातात छत्री, त्याच मनगटाला भाजीची पिशवी. रिक्षावाल्याचा क्यूआर स्कॅन करून पैसे टाकतेय तेवढ्यात लॅबचा फोन आला, सासूबाईंच्या रक्ताचा रिपोर्ट यायचा होता. फोन वापरात असताना कॉल आला की उचलायची पट्टी कुठे येते? थेट वरच्या काठावर. माझा अंगठा तिथे पोचत नाही. पोचावा म्हणून फोन तळहातात जरा खाली सरकवला, आणि २०० ग्रॅमचा तो ओला पाट सुटला तो जांभ्याच्या गडग्यावर आणि तिथून गटारात. काच गेली, खालचा अर्धा पडदा काळा. दुरुस्तीवाल्याने ६,५०० सांगितले. फोनच घेतला होता १४,००० ला.

घरी आल्यावर सगळ्यांनी मलाच सुनावलं. "नीट धरायचा ना." नीट म्हणजे कसा? दोन्ही हातांनी? दुसरा हात आणू कुठून? इथे जून ते सप्टेंबर एक हात छत्रीला दिलेला असतो. उरलेले आठ महिने तो एसटीच्या दांड्याला असतो, स्कूटरच्या हँडलला असतो, मासळीबाजारात गळक्या पिशवीला असतो. बाजारात बांगडे घेतले, उजव्या हातात पिशवी ठिबकतेय, डाव्या हाताने पैसे टाकायचे, तर पिनचे आकडे दाबता दाबता अंगठ्याच्या बुडाला कळ येते. समोरून मावशी ओरडतेय, "पैसे इले नाय गो अजून!" मागे रांग. मग पिशवी खाली चिखलात ठेवायची आणि दोन हात लावायचे. रोज. हे फोन बनवणाऱ्यांनी एकदा तरी भर पावसात बाजारात येऊन पाव किलो कोलंबी घेऊन दाखवावी.

तर आज. पहिल्या दुकानात मी म्हटलं, छोट्यातला छोटा दाखवा. त्याने ६.६ इंच पडद्याचा काढला. दुसऱ्या दुकानात ६.७. तिथल्या बाईने जरा ऐकून तरी घेतलं, म्हणाली, ताई, माझीही तीच रड आहे, पण वरून मालच येत नाही. तिच्यावर राग नाही माझा. तिसऱ्या दुकानात हा पोरगा. त्याने ६.७८ चा काढून माझ्या हातात कोंबला. मी टेप काढली. शिवणकाम करते मी, टेप पर्समध्ये असतेच. मांडलेले फोन एकेक करून मोजायला लागले. लांबी साडेसहा इंच, रुंदी तीन इंच. दुसरा, साडेसहा, तीन. तिसरा, चौथा, सहावा, सगळे तेच. कंपन्या वेगळ्या, डबे वेगळे, मागचे रंग वेगळे, माप एक. एका साच्यातून सगळ्यांनी काढून घेतल्यासारखे.

त्याला माझं मोजणं आवडलं नाही. "काकी, मोठोच घेवा. पिक्चर बघूक बरो. डोळ्यांकय बरो." मी म्हटलं, मला पिक्चर बघायचा नाही, घरात टीव्ही आहे. "पण आता ल्हान कोण घेता? सगळे मोठेच घेतत." अरे, सगळे मोठेच घेतात कारण तू दुसरं ठेवतोस कुठे? मी उद्यापासून फक्त ४० चे ब्लाउज शिवून टांगले आणि ३२ ची मुलगी आली की म्हटलं, आता सगळ्या चाळीसच घालतात, सवय होईल, तर ती मुलगी पुन्हा माझी पायरी चढेल का? २२ वर्षं हे काम करतेय. एका आईच्या दोन मुलींचं माप सारखं येत नाही. आणि यांना वाटतं देशातल्या सगळ्या माणसांचे पंजे एका मापाचे आहेत. तेही कुणाच्या मापाचे? माझ्या नवऱ्याचाही अंगठा त्या वरच्या कोपऱ्याला लागत नाही, आणि तो माणूस होडी ओढतो.

मग त्यानंतर आलं ते कीपॅडचं वाक्य.

मला कीपॅडवाला का घ्यायला सांगतोस रे तू? मला यूपीआय लागतं. गिऱ्हाइकं गळ्यांचे आणि बाह्यांचे फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवतात, ते मोठे करून बघावे लागतात. मुलगा पुण्यात, त्याचा व्हिडिओ कॉल येतो. जे तुला लागतं ते सगळं मला लागतं. छोटा फोन म्हणजे अडाण्याचा फोन हे कुणी ठरवलं? आणि चाळिशी ओलांडलेली बाई दिसली की तिला एकतर "डोळ्यांसाठी मोठा" नाहीतर कीपॅड, हे दोनच खण तुमच्या डोक्यात. माझे डोळे चांगले आहेत. रोज सुईत दोरा ओवते मी, चष्म्याशिवाय.

शेवटी त्याने काचेच्या कपाटातून एक डबा काढला. म्हणाला, ह्यो बघा, कॉम्पॅक्ट. किंमत ५४,९९९. टेप लावली तर रुंदी पावणेतीन इंचांच्या वरच. ६.३ इंचाला हे आता कॉम्पॅक्ट म्हणतात. २०११ मध्ये सॅमसंगचा पहिला नोट आला तेव्हा ५.३ इंचाचा फोन म्हणजे ताट कानाला लावण्यासारखं आहे म्हणून लोक हसले होते. त्याहून पूर्ण एक इंच जास्त पडदा आता छोटा ठरतो. आणि त्या छोटेपणाचे जादा पैसे द्यायचे.

चार रात्री मी याच शोधात घालवल्यात, त्यामुळे मला कुणी काही शिकवू नका. २०१४ साली भारतात पहिला मोटो जी आला. साडेचार इंच पडदा, १४३ ग्रॅम, १२,४९९ रुपये. तो मी वापरलाय. अंगठ्याने चारही कोपरे गाठता यायचे. मार्च २०१७ मध्ये रेडमी ४ए आला, ५ इंच, १३१ ग्रॅम, ५,९९९ रुपये. म्हणजे हातात मावणारा फोन सहा हजारांत बनत होता, विकला जात होता, आणि गावागावांत लोक तो घेत होते. नंतर काय झालं ते आपल्या डोळ्यांसमोर झालं. सप्टेंबर २०१६ मध्येच जिओ आलं होतं, मग डेटा पाण्यासारखा वाहायला लागला, आणि फोनचा टीव्ही झाला. ज्यांना टीव्ही हवा त्यांनी खुशाल घ्यावा. पण मग फोन का बंद केलात?

विचारलं तर उत्तर तयार असतं, छोटा खपत नाही. उदाहरण आयफोन मिनीचं. २०२० मध्ये १२ मिनी आला, ५.४ इंच, रुंदी ६४ मिलिमीटर. सुंदर माप. भारतात किंमत ६९,९००! पुढच्या वर्षी १३ मिनी, तोही ६९,९००. २०२२ मध्ये मिनी नाहीच, त्या जागी आणखी मोठा प्लस. सत्तर हजारांची वस्तू फार लोकांनी घेतली नाही यावरून लोकांना छोटा नको हे कसं ठरतं? लोकांना सत्तर हजार नको होते. मध्ये एकदा खरंच बरा पर्याय आला होता, २०२० चा गूगलचा पिक्सेल ४ए, १४३ ग्रॅम, रुंदी ६९ मिलिमीटर, ३१,९९९. माझ्या पैशांच्या बाहेरचा, पण निदान होता. त्यानंतर त्याच घरातले पुढचे फोन सगळे त्याहून मोठे आले. असूसच्या झेनफोनचंही तेच. ५.९ इंचाचे दोन-तीन चांगले काढले आणि २०२४ चा एकदम ६.७८.

दुसरं उत्तर बॅटरीचं. छोट्या अंगात मोठी बॅटरी बसत नाही म्हणे. कालपर्यंत मी हे मानत होते. १३ मिनीत २,४०० मिलिअँपिअर-अवरच्या आसपासची होती (बॅटरीत किती मावतं त्याचं हे माप), ती आमच्याकडे वादळात लाइट गेली की टिकली नसती, कबूल. पण आता सिलिकॉन-कार्बनच्या, म्हणजे तेवढ्याच जागेत जास्त साठवणाऱ्या, बॅटऱ्या आल्यात. २०२५ मध्ये आलेला विवो एक्स२०० एफई ६.३१ इंचाचा, बॅटरी ६,५००. वनप्लस १३एस ६.३२ इंचाचा, बॅटरी ५,८५०. म्हणजे बसते! आणखी थोडं कापून सव्वापाच-साडेपाच इंचाचा केलात आणि ४,५०० ची घातलीत तरी दोन दिवस पुरेल. पण नाही. ही बॅटरी घालायची ती पंचावन्न हजारांच्या फोनमध्ये. पंधरा हजारवाल्याने पाट उचलायचा.

आणि ते इंचांचं प्रकरण! पडदा मोजतात कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, कर्णात. कुठल्या कापडाच्या दुकानात कापड कर्णात मोजून देतात? मला पन्हा सांगा, लांबी सांगा. हाताला लागते ती रुंदी आणि अंगठ्याला नडते ती उंची. डब्यावर मात्र ६.७ इंच ठळक, आणि रुंदी मिलिमीटरमध्ये कुठेतरी तळाशी, असलीच तर. ऑनलाइन शोधायला जा, रुंदीवरून गाळायची सोयच नाही. "५ इंचांपेक्षा कमी" असं निवडलं की कीपॅडचे फोन, मुलांची खेळणी आणि कुणी कधी न ऐकलेल्या नावांचे डबडे येतात. "६ इंचांपेक्षा जास्त" निवडलं की हजारो. मधल्या इंचात शुकशुकाट.

खिशाचं तर मी बोलायलाच हवं, कारण ते माझ्या कात्रीखालून जातं. हल्ली मुली पंजाबी ड्रेसला खिसा मागतात, गाऊनलाही मागतात, आणि मी आनंदाने लावून देते, बायकांना खिसे नसणं हा मोठा अन्याय आहे. पूर्वी साडेपाच इंच खोल खिसा पुरायचा. आता साडेसात घ्यावा लागतो आणि तोंड रुंद कापावं लागतं. त्यात तो २०० ग्रॅमचा दगड पडला की एका बाजूने ड्रेस ओढला जातो, शिवण उसवते, आणि मुलगी माझ्याकडे परत येते की काकी, शिवण कच्ची होती. शिवण कच्ची नव्हती. दुहेरी टीप होती. भात लावायला वाकणाऱ्या बाईने हा फोन ठेवायचा कुठे? कमरेला खोचला तर पोटात टोचतो. ब्लाउजमध्ये मावत नाही. मग तो बांधावर प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवायचा, आणि घरून फोन आला की चिखलातून धावत जायचं.

आता तोंड उघडलंच आहे तर बाकीचंही ऐका. हेडफोनचं भोक का काढलं? डब्यातला चार्जर कुणाच्या परवानगीने गायब केला? पाठीला काच कशाला, ज्याला आम्ही लगेच रबराचं कव्हर चढवणार आहोत? कॅमेऱ्याचा तो टेंगूळ, त्याच्यामुळे फोन टेबलावर ठेवून टाइप केलं की डगडग हलतो. तीन-तीन कॅमेरे, त्यातला एक नुसता शोभेचा २ मेगापिक्सेलचा. नवा फोन चालू करावा तर आधीच आत वीस अॅप, पत्त्यांचे खेळ, कर्ज देणारे, आणि पडदा उघडायच्या आधी जाहिरात. या सगळ्याला यांच्याकडे जागा आहे. आमच्या वाडीत रेंज पडवीच्या दक्षिण कोपऱ्यात येते, तीही एका पायावर उभं राहिल्यासारखं वाकलं तर. चांगली रेंज पकडणारा फोन असं कुणी जाहिरातीत म्हणत नाही. मेगापिक्सेल म्हणतात.

परत येताना एसटीत उभी होते. एका हाताने दांडा, दुसऱ्या हातात तोच फुटका फोन, अर्धा काळा, वर चिकटपट्टी. लॅबचा फोन पुन्हा आला. या वेळी उचलायची पट्टी वर होती आणि अंगठा पोचला नाही. हनुवटीने दाबायचा प्रयत्न केला, कट झाला. शेजारच्या बाईने दांडा सोडून माझी पिशवी धरली तेव्हा परत लावता आला. सासूबाईंचं हिमोग्लोबिन सात आलंय.

म्हणून मला आज रात्रीच्या आत सांगा. नवा फोन, रुंदी ६८ मिलिमीटरच्या आत, वजन १५० ग्रॅमच्या आत, यूपीआय नीट चालेल, अपडेट निदान तीन वर्षं येतील, किंमत १७,००० पर्यंत. वापरलेला नको, बाहेरून मागवलेला नको, इथे बिघडला तर कणकवलीत किंवा सावंतवाडीत दुरुस्त व्हायला हवा. माहीत असेल तर नाव लिहा. "मोठाच घ्या, सवय होते" असं ज्यांना लिहायचंय त्यांनी आधी पावसात, छत्री धरून, एका हाताने ते वाक्य टाइप करून बघावं.