विमानाचा प्रासंगिक करार

अख्खं विमान भाड्यानं मिळतं, ही बातमी गावात जाऊ द्यायची नसते. विमानतळ झाल्याची बातमी चालते. १६ एप्रिल २०२५ ला अमरावतीच्या बेलोऱ्याहून मुंबईचं विमान सुरू झालं, तेव्हा आमच्या दर्यापूर तालुक्यातल्या लोकांनी एकदा मान वर केली आणि परत तुरीच्या हिशेबाला लागले. आमची शकुंतला रेल्वे बंद पडली तेव्हाही त्यांनी रुळाकडे एकदा असंच पाहून घेतलं होतं. पण कोणाच्या तरी पोट्ट्यानं पारावर मोबाइल वाचून दाखवला की पुरं विमानच ठरवून नेता येतं, आणि बबनभाऊंनी तोंडातला तंबाखू-सुपारीचा खर्रा या गालातून त्या गालात घेतला.

बबनभाऊ गावाच्या यात्रा काढतात. शेगाव, माहूर, पंढरपूर, अष्टविनायक. एसटीचा प्रासंगिक करार, म्हणजे अख्खी गाडी भाड्यानं, कसा करायचा, अनामत किती ठेवायची, कोणत्या ड्रायव्हरला चहा पाजायचा आणि कोणाला नुसतं ‘राम राम’ पुरतं, हे त्यांना आगारातल्या बाबूपेक्षा जास्त कळतं.

“तिरुपती,” भाऊ म्हणाले. “औंदा इमानानं. सर, फोन लावा. तुमाले इंग्रजी येते.”

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला शिकवतो. मतदार याद्या, पोषण आहाराचा हिशेब, गुरांची मोजणी या सगळ्यांत विमान कुठेच बसत नाही, पण गावात मास्तराला नाही म्हणता येत नाही. मी फोन लावला. भाऊंनी तो माझ्या हातातून घेऊन स्पीकरवर टाकला आणि पारावर मधोमध ठेवला.

पलीकडचा मुंबईचा एजंट फारच गोड बोलत होता. किती माणसं, कुठून, कुठे, किती दिवस, सगळं विचारून म्हणाला, बेलोऱ्याला तुमच्यासाठी एटीआर ७२ योग्य. पंख्यांचं विमान, सत्तरेक सीट.

“म्हणजे एसटीच्या दीड गाड्या,” भाऊ म्हणाले. “शीटमागं काय घेता?”

इथे एजंटनं पहिला बॉम्ब टाकला. सीटमागे काहीच नाही. विमान अख्खं घ्यायचं, भाडं उडण्याच्या तासावर. माणूस एक बसो की सत्तर, पैसे तेवढेच. शिवाय विमान जिथे मुक्कामी असेल तिथून बेलोऱ्यापर्यंत रिकामं येणार, त्याचे तास आपले. आपल्याला परत सोडून ते रिकामं घरी जाणार, तेही आपलेच.

मला वाटलं, भाऊ आता भडकतील. ते तर खुलले. “बराबर हाय. आगार ते आगार. यष्टी बी तसंच लावते.”

तेव्हापासून ती दोन माणसं एकमेकांशी बोलत होती आणि माझं इंग्रजी पारावर चपलांशेजारी पडून होतं. रिकामं विमान उडतं त्याला ते लोक ‘फेरी’ म्हणतात. दिवसाचे किमान तास असतात, विमान कमी उडालं तरी तेवढे लावतात. एसटीचे किमान किलोमीटर असतात तसेच. तिरुपतीला दोन रात्री थांबलं तर उभं राहण्याचं भाडं वेगळं, पायलट आणि हवाईसुंदऱ्यांचं हॉटेल वेगळं.

“हॉटेल कायले?” भाऊ म्हणाले. “आमचा ड्रायव्हर गाडीतच झोपते. नाई तं आमच्यासंग धर्मशाळेत.”

एजंट थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, सर, नियम आहे, ड्यूटीनंतर क्रूला ठराविक तास विश्रांती द्यावीच लागते.

“अन् दोन दिवस उभं राहून इमान खाते काय?”

यावर त्यानं दुसरा मार्ग सुचवला. विमान आपल्याला सोडून परत जाईल आणि दोन दिवसांनी न्यायला येईल. भाऊंनी बोटांवर मोजलं. मग तर तिरुपतीच्याच चार चकरा झाल्या, त्यातल्या दोन रिकाम्या. नुसतं हवेला दर्शन. त्यापेक्षा उभंच राहू द्या.

मग भाऊंनी आपला हुकमी पत्ता काढला. कोणाचं तरी रिकामं विमान कुठून तरी कुठे जातच असेल, ते आमाले सस्त्यात द्या. एजंट म्हणाला, मिळतं की! रिकाम्या फेऱ्या आम्ही स्वस्तात विकतो. पण वार आणि वेळ आमची, दिशाही आमची आणि प्रवास फक्त जाण्याचा.

“परत कसं यावं?”

“ते तुमचं तुम्ही बघायचं.”

पारावर पहिल्यांदाच शांतता पसरली. पंच्याऐंशीच्या नानाजींना त्या शांततेचा वेगळाच अर्थ लागला. ते म्हणाले, “मले चालते. देवाच्या दारातच ठेवून या.”

शेवटी आकडा आला. तो इथे लिहीत नाही, माझा लेख घरी वाचला जातो. त्यावर १८ टक्के जीएसटी. साध्या विमानाच्या साध्या तिकिटाला ५ टक्के आणि अख्खं विमान घेणाऱ्याला १८! ठोक घेतलं तर सूट मिळते, हा आमच्या बाजारपेठेचा नियम दिल्लीपर्यंत पोचलेला दिसत नाही.

एवढ्यावर मिटलं असतं. पण फोन ठेवता ठेवता एजंट म्हणाला, सर, माणसांचं आणि सामानाचं अंदाजे वजन कळवा. मे महिना आहे, तुमच्याकडे पंचेचाळीस डिग्री असतं. तापलेली हवा विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाचा जोरही कमी पडतो, मग तेवढ्याच धावपट्टीवरून कमी वजन उचलता येतं. बेलोऱ्याची धावपट्टी १,८५० मीटर. त्यामुळे शक्यतो भल्या पहाटे निघू आणि वजन जपू.

त्यानं अंदाज मागितला होता. भाऊंनी वजनकाटा मागवला.

गावातल्या धान्य व्यापाऱ्याचा इलेक्ट्रॉनिक काटा देवळासमोर आला. लोखंडी पाटा, त्यावर तुरीची धूळ, वर लाल आकडे. सगळा गाव रांगेत. याच काट्यानं जन्मभर आमचं क्विंटलमागे काही ना काही खाल्लेलं आहे, असा प्रत्येकाचा ठाम समज. आज त्याच काट्यावर स्वतः उभं राहून आकडा जास्त आल्यावर लोक चिडले. “काटा मारला बे यानं!” आमचे पोलीस पाटील ब्याण्णव भरले, त्यांनी फेरमोजणी मागितली. व्यापाऱ्याचा पोऱ्या वहीत आकडे लिहीत होता आणि हाताच्या सवयीनं प्रत्येक माणसामागे एक किलो बारदाना, म्हणजे पोत्याचं वजन, वजा करत होता. ते कळलं तेव्हा अर्धं गाव मोजून झालं होतं. पुन्हा मोजायची भाऊंची तयारी होती, गावाची नव्हती.

बायकांनी तर काट्यावर चढायलाच नकार दिला. शांताकाकू म्हणाल्या, “लग्नात मले कोणी मोजलं नाई, आता कायले?” मग बायकांचं वजन नवऱ्यांनी सांगायचं ठरलं. त्या रात्री गावात बऱ्याच घरी चूल उशिरा पेटली.

सामानाचा प्रश्न त्याहून बिकट. आमच्या यात्रेत आचारी, गंज, पातेली, पिठाची पोती आणि गॅसची टाकी बरोबर असते आणि ती एसटीच्या टपावर जाते. विमानाला टप वापरू देत नाहीत, हे भाऊंना पटायला वेळ लागला. टाकी नाही, काडेपेटी नाही, सुकं खोबरंसुद्धा नाही, कारण त्यात तेल असतं आणि ते पेट घेतं. “देवाले जाऊन रायलो अन् खोबरं नाई?” परतीचं वजन वेगळं धरायचं होतं. केस तिकडे जाणार, लाडू इकडे येणार. केसापेक्षा लाडू जड, हे चौथीतल्या पोरालाही कळतं. पण खरा अडसर खर्ऱ्याचा निघाला. खिडकी उघडत नाही म्हटल्यावर गड्यांचा निम्मा उत्साह तिथेच मावळला.

मग यादी. नावं आधार कार्डाप्रमाणेच हवीत. आमच्या यादीत गजानन इतके निघाले की पुढे बापाचं नाव लिहूनही दोन उरले. निम्म्या गावाचा जन्म १ जानेवारीचा. आधार काढताना जन्मतारीख कोणाला ठाऊक होती? मी रात्रभर ती यादी टाइप करत बसलो. घरच्या मंडळींनी विचारलं, पगारवाढ आहे का याची?

आणि मग पैसे जमा करायचा दिवस उजाडला.

खरी गंमत गणिताची आहे. विमानाचं भाडं ठरलेलं, त्यामुळे एक माणूस गळाला की त्याचा हिस्सा बाकीच्यांवर चढतो. पहिला गळाला, कोणाला जाणवलं नाही. मग एकाची सून बाळंत व्हायची होती, एकाच्या बोअरची मोटर जळली, एकाला अचानक आठवलं की आपण विठ्ठलाचे, बालाजीचे नाही. जो तो गळताना दुसऱ्याला महाग करून जात होता आणि महाग झालं म्हणून दुसरा गळत होता. सत्तरांचे पस्तीस झाले तेव्हा हिस्सा बरोबर दुप्पट झालेला. हे गणित मी फळ्यावर शिकवलं असतं तर पोरं झोपली असती. पारावर सगळे टक्क जागे होते. शेवटी उरलो भाऊ, नानाजी आणि मी. नानाजी अजूनही एका बाजूच्या प्रवासाचंच विचारत होते.

तेव्हा शांताकाकू पाण्याची कळशी घेऊन जाता जाता बोलल्या, “अमरावतीहून तिरुपतीची रेल्वे हाय नं? हप्त्यातून दोनदा जाते. मायी बहीण गेली होती.”

हे सगळ्यांना माहीत होतं. कोणी बोललं नव्हतं इतकंच.

गळालेले सगळे परत आले. सून बाळंत व्हायची राहिली, मोटर दुरुस्त झाली, विठ्ठल आणि बालाजी एक झाले. अमरावती-तिरुपती एक्सप्रेसचा स्लीपरचा डबा आम्ही जवळपास भरून टाकला. ठेसा, भाकरी, कुरड्या, सुकं खोबरं, सगळं बरोबर. खिडक्या उघडत होत्या आणि गडी मंडळी त्यांचा पुरेपूर वापर करत होती. खालच्या बर्थवरून अकोल्यापर्यंत भांडणं झाली, वाशीमला मिटली.

हिंगोली सोडली आणि माझा मोबाइल वाजला. एजंट. आवाज तसाच गोड. सर, तुमच्या ग्रुपसाठी मी वर बोललोय, भाडं बरंच खाली आणता येईल. मी त्याला सांगणार होतो की आम्ही निघालो, तेवढ्यात भाऊंनी वरच्या बर्थवरून हात खाली घालून फोन ओढून घेतला.

“हॅलो. हो, बबनरावच बोलून रायलो. हे पाहा, आमी आता हिंगोलीच्या पुढं हाओ. नांदेडले इमानतळ हाय म्हणते. नांदेडहून पुढचं काय घ्याल?”