भावना न दुखावता व्यंगचित्र कसे काढावे

देव आणि पुढारी एकाच चौकटीत काढायची खुमखुमी आली असेल तर आधी पेन्सिल खाली ठेवा. ही कला हल्ली आपत्ती व्यवस्थापनाच्या खात्यात गेली आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या होतकरू पोरांसाठी चार गोष्टी सांगतो. फुकट आहेत, त्यामुळे ऐका.

धर्म दाखवणं सोपं असतं. शेंडी म्हणजे हिंदू, दाढी म्हणजे मुसलमान, गळ्यात क्रूस म्हणजे ख्रिस्ती. तिघांना रांगेत उभं करा, समोर मतपेटी ठेवा, झालं चित्र. मतदान यंत्र येऊन जमाना लोटला तरी पेटीच काढा, यंत्र काढलंत तर निराळा वाद. दसऱ्याला दहा तोंडांचा रावण: एका तोंडावर महागाई, एकावर भ्रष्टाचार, एकावर बेकारी. पुढाऱ्याचं नाव कुठल्याच तोंडावर घालायचं नाही. चतुर्थीला बाप्पा उंदराला पर्यावरणाबद्दल काहीतरी सांगतोय, आषाढीला विठोबा कमरेवरचा हात काढून कपाळाला लावतोय. ही चित्रं फायलीत जपून ठेवा. साल बदललं की पुन्हा चालतात.

समुद्र काढा, समुद्राला भावना नसतात. सूर्यास्त मात्र काळ्या-पांढऱ्यातच, रंगाचा अर्थ लावणारे बसलेत.

इतिहास अजिबात वाचू नका, डोकं बिघडतं. १९७५ च्या डिसेंबरात, म्हणजे ऐन आणीबाणीत, व्यंगचित्रकार अबू अब्राहम यांनी चित्रात राष्ट्रपतींना बाथटबमध्ये बसवलं होतं. अंगावर कपडे नाहीत, दारातून आलेल्या माणसाला सही केलेला कागद देतायत आणि म्हणतायत, अजून वटहुकूम असतील तर जरा थांबायला सांगा. 'इंडियन एक्स्प्रेस'ने ते छापलं. आज आणीबाणी नाही, सेन्सॉरचा अधिकारी नाही, आणि आमच्या पेपरातला उपसंपादक पुढाऱ्याच्या पायात स्लीपर दाखवू की बूट यावर वरिष्ठांना विचारून येतो. महाराष्ट्रात तर १३ ऑगस्ट १९६० ला बाळ ठाकऱ्यांचं व्यंगचित्र साप्ताहिक 'मार्मिक' निघालं आणि त्या कुंचल्यातून सहा वर्षांत शिवसेना हा अख्खा पक्ष उभा राहिला. त्याच पक्षाच्या 'सामना'ला २०१६ मध्ये मराठा मोर्चांवरच्या एका व्यंगचित्रापायी दगड खावे लागले आणि पक्षप्रमुखांना माफी मागावी लागली. जिथे त्यांचं हे झालं, तिथे तुमचं आमचं काय घेऊन बसलात?

धार्मिक भावना दुखावण्याचं कलम पाठ करा. भारतीय न्याय संहिता, २९९. पूर्वी त्याला २९५-अ म्हणत. इंग्रजांनी १९२७ मध्ये घातलं होतं, आपण २०२४ मध्ये त्याचा आकडा बदलला. त्यात 'जाणूनबुजून' आणि 'दुष्ट हेतूने' अशा अटी आहेत, पण पोलीस ठाण्याबाहेर जमलेल्या गर्दीला अटी वाचून दाखवायच्या भानगडीत पडू नका.

आता संपादकांशी कसं वागावं ते. परवाच्या गणपतीतलं सांगतो.

चित्र साधं होतं. मुंबई-गोवा महामार्ग, २०११ पासून चौपदरी होतोय तोच. छातीभर पाण्याच्या खड्ड्यात एक चाकरमानी. डोक्यावर पाट, पाटावर गणपती, गणपतीवर प्लास्टिकचा कागद. वर आडवा फलक: 'कोकणात येणाऱ्या गणेशभक्तांचे हार्दिक स्वागत.' फलकावर मधोमध हात जोडलेले साहेब, भोवती शुभेच्छुकांच्या पासपोर्ट फोटोंची जत्रा, आणि उरलेल्या कोपऱ्यात तिकिटाएवढा गणपती. चाकरमानी म्हणतोय, 'देवा, मला खालून दिसत नाही. आभार कोणाचे मानायचे तेवढं वाच.'

संपादकांचा फोन आला. "काका, चित्र झकास. फक्त गणपती खड्ड्यात दाखवलाय."

म्हटलं, खड्ड्यात माणूस आहे. गणपती कोरडा आहे. तो कोरडा राहावा म्हणूनच माणूस पाट वर धरून उभाय.

"बरोबर आहे हो, पण वातावरण बघा ना."

वातावरण बघितलं. गणपती खोडला, पाट राहिला. मग साहेबांचं नाक निघालं. ते मी कोणाचंच काढलं नव्हतं, पण कोणाचंही वाटू शकतं असं ठरलं, म्हणून साहेब गेले. मग शुभेच्छुक गेले, त्यांच्यापैकी काहींची गणेश पुरवणीला जाहिरात होती. माणसंच नाहीत तर स्वागत कोण करतंय, म्हणून फलकावरची अक्षरंही गेली. छापून आलं ते असं: एक माणूस रिकामा पाट डोक्यावर घेऊन पाण्यात उभा, वर कोरा फलक, खाली ओळ 'पावसाळा!' उद्गारचिन्ह संपादकीय विभागाचं.

आणि सकाळी चहा व्हायच्या आत फोन सुरू. पाट रिकामा का? आमचा गणपती कुठे गेला? हे कोणी करायला लावलं तुम्हाला? दुपारपर्यंत चित्र तालुक्यातल्या सगळ्या ग्रुपवर, खाली असा मजकूर की वाचून मलाच माझा राग यावा. दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर चौकटीत दिलगिरी. ती वाचून मी पान उलटलं. पूर्ण पान रंगीत जाहिरात, वाढदिवसाची. स्थानिक साहेब रथात उभे, हातात धनुष्य, डोक्यामागे तेजोवलय. लगाम धरून मुंबईचे मोठे साहेब, त्यांच्या मागे सुदर्शन चक्र. म्हणजे अर्जुन हे आणि श्रीकृष्ण ते. अर्जुनाच्या मनगटावर घड्याळ, खिशाला पेन, पायात चामड्याची चप्पल. चप्पल घालून रथात, आणि देव त्याचा ड्रायव्हर!

त्यावर एक फोन नाही. एक ग्रुप पेटला नाही. दिलगिरी कसली, पैसे मोजून छापलेलं पान ते. अर्जुनाचा कृष्ण कोण हे ठरवायचं कंत्राट जाहिरात विभागाकडे आहे, चित्रकाराने मधे पडू नये, हा यातला धडा.

शिमग्यात गावी थांबू नका, मनात नको ते विचार येतात. देवळासमोरच्या अंगणात पालखीच्या साक्षीने नमन, म्हणजे कोकणातलं लोकनाट्य, चालू असतं. त्यातली मावशी कमरेवर हात ठेवून साक्षात कृष्णाला वाट अडवल्याबद्दल अशी फैलावर घेते की पेपरात छापायची सोय नाही. त्यातलंच दुसरं सोंग संकासूर काळ्या पायघोळात, निमुळती टोपी हलवत सरपंचाच्या पाणी योजनेचं काय झालं ते विचारतो. पहिल्या रांगेत गावकर, मानकरी, खुद्द सरपंच, सगळे पोट धरून हसतात. होळीपुढे जे ओरडतात ते तर लिहीतच नाही. रातभर हे चालतं आणि सकाळी देव त्याच पालखीत बसून घरोघर जातो, त्याचं काही बिघडलेलं नसतं.

६ जानेवारीला मात्र हजर राहा. पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्रींनी १८३२ मध्ये 'दर्पण' काढलं त्याची आठवण म्हणून पत्रकार दिन असतो. साहेब निर्भीड पत्रकारितेवर बोलतात. टाळ्या वाजवा, शाल घ्या.

आणि चित्र कोणाला आवडलं हे विचारू नका, कारण... जाऊ दे. उपरोध पुरे झाला. तुम्हालाच सांगतो, वाचकांना.

संपादक घाबरतो तुम्हाला. साहेबांना तो जाहिरातीपुरता घाबरतो, खरी धास्ती तुमची. चित्र नीट न बघता पुढे ढकलता तुम्ही. पलीकडच्याच्या मौलवीचं चित्र आलं की 'वा, काय फटका मारलाय', आपल्या महाराजांचं आलं की 'हे विकले गेलेत'. पलीकडचेही तेच करतात, तुमच्यासारखेच. देवाच्या जागी पुढारी उभा राहतो तेव्हा त्याच्यासोबत सेल्फी काढता. त्या पुढाऱ्याला कोणी चिमटा काढला की अचानक देव आठवतो. लाज वाटत नाही? दरवर्षी बायकापोरांना घेऊन त्याच रस्त्याने येता, वडखळपासून शिव्या घालत येता, आणि घरी पोचल्यावर राग काढता तो चार इंचांच्या चित्रावर! एवढ्याच नाजूक असतील भावना, तर पुढच्या चतुर्थीला त्या खड्ड्यात उतरा, वर बघा आणि फोन लावा. नंबर फलकावर छापलेला असतो.