चार्जर काढून बिल निम्मं होत नाही

पाणी तापवणं, खोली उबदार ठेवणं, स्वयंपाक, कपडे वाळवणं असं सगळंच विजेवर चालणाऱ्या फ्लॅटमधल्या लोकांच्या फोनवर एक संदेश फिरत फिरत पुन्हा येतो: ‘या सहा गोष्टी करा, पुढचं बिल निम्मं.’ चार्जर सॉकेटमधून काढा. गीझर चोवीस तास चालू ठेवा. साधा हीटर टाकून तेलाचा घ्या. थर्मोस्टॅट सुरुवातीला पूर्ण वाढवा. प्लगमध्ये बसणारं वीजबचत यंत्र लावा. गीझरच्या कॉइलवरचा क्षार काढा. यातली एकही गोष्ट बिल निम्म्यावर आणत नाही, आणि एकदोन तर ते वाढवतात. संदेश उपकरणं मोजतो. मीटर मात्र वॅट आणि तास मोजतो.

‘चार्जर लटकत ठेवू नका’

फोन न लावलेला आजचा चार्जर साधारण ०.१ वॅट घेतो. वर्षाचे ८,७६० तास धरले तरी एक युनिट (१,००० वॅट-तास) पुरतं भरत नाही. आता पाण्याकडे बघा. १ लिटर पाणी १ अंशाने तापवायला १.१६ वॅट-तास लागतात. हा पाण्याचा गुणधर्म आहे, कुठल्याही कंपनीच्या गीझरला तो चुकत नाही. मिनिटाला ८ लिटर सोडणाऱ्या शॉवरखाली १० मिनिटं म्हणजे ८० लिटर. ते १५ अंशांवरून ४० वर न्यायला २.३ युनिट. म्हणजे एका अंघोळीच्या विजेत चार्जर अडीच वर्षं रिकामा लटकू शकतो. शॉवर ५ मिनिटांवर आणला किंवा मिनिटाला ५-६ लिटर सोडणारं तोंड बसवलं, तर त्याच एका अंघोळीत साधारण अर्धं ते एक युनिट वाचतं.

तरी ‘सतत चालू’ असलेलं सगळंच किरकोळ नसतं, आणि इथे शोध घेण्यासारखं बरंच आहे. टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स बंद दिसत असतानाही १० ते १५ वॅट घेत असेल, तर वर्षाला ९० ते १३० युनिट जातात. बाथरूममधला टॉवेल तापवणारा १०० वॅटचा दांडा कायम चालू राहिला तर रोजची २.४ युनिट. फरशी उबदार ठेवणारी, फरशीखालची तापतार तर दिसतही नाही; तिचा स्विच एखाद्या कपाटामागे असतो आणि उन्हाळाभर ती चालू राहते.

हे मीटरच सांगतो. गीझर, हीटर, फ्रिज बंद करा आणि मीटरवरचा लाल दिवा किती सेकंदांनी लुकलुकतो ते मोजा. मीटरच्या तोंडावर एका युनिटला किती लुकलुकी ते छापलेलं असतं. १,००० असतील तर ३,६०० ला त्या सेकंदांनी भागा. १,६०० असतील तर २,२५० ला. ३,२०० असतील तर १,१२५ ला. उत्तर थेट वॅटमध्ये येतं. १,००० च्या मीटरवर दर १२ सेकंदांनी एक लुकलुकी म्हणजे ३०० वॅट, म्हणजे दिवसाला ७.२ युनिट आणि महिन्याला दोनशेच्या वर. मग एकेक एमसीबी पाडत जा. जो एमसीबी पाडल्यावर लुकलुकणं मंदावलं, चोर त्या सर्किटवर आहे. फ्रिज पुन्हा चालू करायला विसरू नका.

‘गीझर बंद-चालू केल्याने जास्त वीज लागते, कायम चालू ठेवा’

सर्वांत जास्त पटणारा आणि सर्वांत महाग पडणारा सल्ला. टाकी जितकी गरम, तितकी उष्णता बाहेर जास्त जाते. भोक पडलेल्या बादलीत पाणी जितकं उंच, तितकी धार जोरात, तसंच. गीझर बंद केला की टाकी थंड होत जाते आणि गळतीही कमी होत जाते. परत तापवताना फक्त गेलेली उष्णता भरून काढायची असते, आणि ती कायम गरम ठेवलेल्या टाकीने गमावलेल्या उष्णतेपेक्षा नेहमीच कमी असते.

बचत किती, हे मात्र टाकीवर ठरतं. १५० लिटरच्या बऱ्यापैकी आवरण असलेल्या टाकीतून दिवसाला एक ते दोन युनिट अशीच उडून जातात. ती काही तास बंद ठेवून यातला थोडाच भाग वाचतो, दोनचार दिवस बाहेर जाताना बंद केली तर जवळजवळ सगळा. टाकी जुनी आणि उघडी असेल तर आधी आवरण घाला आणि टाकीतून निघणाऱ्या गरम पाइपच्या पहिल्या मीटरभर भागावर फोमची नळी चढवा. टायमर बसवायचा तर कॉइलचा भार बघून. ३ किलोवॅटची कॉइल २३० व्होल्टवर १३ अँपिअर ओढते. प्लगमध्ये खोचायचा हलका टायमर तासन्‌तास तेवढा भार सोसत नाही, आधी पिवळा पडतो आणि मग वितळतो. १६ किंवा २० अँपिअरचा, पक्क्या वायरिंगचा टायमर वायरमनकडून बसवून घ्या.

तापमान फार खाली आणून बचत करू नका. साठवलेलं पाणी ६० अंशांखाली दिवसेंदिवस कोमट राहिलं तर त्यात लिजिओनेला जिवाणू वाढू शकतात.

रात्रीचा दर स्वस्त असेल तर गणित बदलतं, आणि नेमक्या इथेच सगळ्यांत मोठे घोटाळे होतात. अशा टाकीत बहुधा दोन कॉइल असतात: खालची रात्री पूर्ण टाकी तापवते, वरची दिवसा घाईच्या वेळी थोडंसं पाणी. वरचीचा स्विच कुणीतरी एकदा दाबतो आणि तो महिनोन्‌महिने तसाच राहतो. पाणी गरमच मिळत असतं, त्यामुळे संशय येत नाही. फक्त ते दिवसाच्या दरात तापत असतं. दुसरा घोटाळा टायमरच्या घड्याळाचा. वीज गेली की साधं घड्याळ तेवढं मागे पडतं आणि ‘रात्रीची’ कॉइल सकाळी चालू होते.

गरम पाण्याच्या नळाची बारीक धारही तपासा. मिनिटाला १०० मिली म्हणजे दिवसाला १४४ लिटर. ते ४५ अंशांनी तापलेलं असेल तर रोजची साडेसात युनिट. या संदेशातल्या सगळ्या युक्त्यांपेक्षा एक वॉशर जास्त वाचवतो. (टाकीचा सुरक्षा व्हॉल्व्ह ठिबकत असेल तर तो दुरुस्त करा, कधीही बुजवू नका.)

‘तेलाचा हीटर कमी वीज खातो’

तारेचा, पंख्याचा, तेलाचा, काचेच्या पट्टीचा, कुठलाही कॉइलवाला हीटर १ युनिट विजेची १ युनिटच उष्णता देतो. तेलाचा हीटर बंद केल्यावर काही वेळ ऊब देतो हे खरं, पण ती ऊब त्याने सुरुवातीला तापायला घेतलेल्या जादा वेळेतली आहे. ५०० वॅटचा हीटर २,००० वॅटच्या मानाने ‘कमी खातो’, कारण तो कमी तापवतो.

फरक पडतो तो दोनच ठिकाणी. एक, संपूर्ण खोलीऐवजी माणूस तापवणं: टेबलाशी बसून काम करणाऱ्याच्या दिशेने लावलेला ४०० वॅटचा किरणांचा हीटर त्या एका जागेपुरता उत्तम, खोलीसाठी बिनकामाचा. दोन, हीट पंप. उलट चालवून गरम हवा देणारा एसी बाहेरची उष्णता आत ओढतो, म्हणून १ युनिटमध्ये सौम्य थंडीत ३ युनिटच्या आसपास ऊब देतो. कडाक्याच्या थंडीत ते प्रमाण उतरतं. घरात असा एसी असून फक्त ‘थंडाव्यासाठी’ म्हणून पडून असेल आणि खाली २,००० वॅटचा हीटर जळत असेल, तर बिलाचं कारण सापडलंच. एसीची जाळी तेवढी धुऊन घ्या. ती तुंबली की हे प्रमाणही घसरतं. कपडे वाळवणाऱ्या यंत्रालाही हेच लागू: कॉइलवाल्याला एका खेपेला दोन ते साडेतीन युनिट लागतात, हीट पंपवाल्याला साधारण निम्मी. यंत्र बदलायचं नसेल तर धुण्याच्या यंत्रात पिळणं मिनिटाला १,२०० फेऱ्यांच्या वर ठेवा. पाणी फिरवून काढणं हे वाफ करून काढण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं.

‘थर्मोस्टॅट पूर्ण वाढवा, खोली लवकर तापते’

साध्या हीटरची ताकद ठरलेली असते. आकडा २१ असो की ३०, तापायचा वेग तोच. फक्त ३० वर ठेवलेला हीटर २१ ला थांबत नाही.

‘वीजबचत यंत्र लावा’

आत बहुधा एक कॅपॅसिटर आणि एक दिवा. कॅपॅसिटर पॉवर फॅक्टर (ओढलेल्या विजेपैकी प्रत्यक्ष कामी येणारा हिस्सा) सुधारू शकतो, पण घरगुती मीटर सर्वसाधारणपणे प्रत्यक्ष वापरलेले किलोवॅट-तास, म्हणजेच युनिट, मोजतो, त्यामुळे ती सुधारणा बिलात उतरत नाही. त्यातही जिथे बहुतेक वीज कॉइलमध्ये जाते, तिथे पॉवर फॅक्टर आधीच जवळजवळ १ असतो. सुधारणार काय? दिव्याची वीज तेवढी जादा.

‘क्षार काढला की बिल उतरतं’

यात अर्धं तथ्य आहे. कॉइल पाण्यात बुडालेली असते, म्हणून तिची उष्णता क्षारातून उशिरा का होईना, पाण्यातच जाते. वीज फारशी वाया जात नाही. कॉइल स्वतः मात्र जास्त तापते आणि जळते. म्हणजे क्षार काढायचा तो कॉइल टिकावी म्हणून.

संदेशात नसलेली गोष्ट: बिल तुमचंच आहे का

युक्त्या करण्याआधी बिलावरचा मीटर क्रमांक आणि मीटरवरचा क्रमांक जुळवा. रीडिंग प्रत्यक्ष घेतलंय की अंदाजे, आणि बिल किती दिवसांचं आहे, तेही बघा. ३५ दिवसांचं बिल ३० दिवसांच्या बिलाशेजारी ठेवून अनेकजण उगाच घाबरतात. अंदाजे बिलं दोनतीनदा कमी आली की पुढचं खरं रीडिंग सगळी थकबाकी एकदम मागतं.

मग फ्लॅटचा मुख्य स्विच बंद करा आणि मीटरपाशी १० मिनिटं थांबा. दिवा लुकलुकत राहिला, तर मीटर आणि स्विचच्या मधून कुणीतरी वीज घेतंय किंवा हा मीटर दुसऱ्याच फ्लॅटचा आहे. अनेक मीटर एका खोलीत असलेल्या इमारतींत तारा अदलाबदल झालेल्या सापडतात. सील उघडू नका. स्विच बंद केल्याची वेळ, आधीचं आणि नंतरचं रीडिंग, मीटर क्रमांकासह दोन फोटो, एवढं जोडून वीजपुरवठादाराकडे लेखी तपासणी मागा.