आधी तिचा हात बघा

२०२५ च्या फेब्रुवारीत स्वारगेटला उभ्या शिवशाहीत एका तरुणीवर बलात्कार झाल्याची बातमी आली आणि आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बायकांच्या रक्षणाची चर्चा पेटली. पुढच्याच महिन्यात महिला दिनाला रोहिणी खडसे यांनी राष्ट्रपतींकडे मागणी केली की बायकांना एक खून माफ करा. गुलाबराव पाटील म्हणाले, पर्समध्ये लिपस्टिकबरोबर चाकू आणि मिरचीपूड ठेवा. ग्रुपवर त्याच्याही पुढची मजल गेली. माझ्या मामेभावाने लिहिलं, "प्रत्येक बाईला पिस्तूल द्या, विषय संपला. अमेरिकेत बायका पर्समध्ये ठेवतातच. ताई, खरं ना?" खाली धडाधड अंगठे. एका मावशीने मात्र लिहिलं, "तिला कशाला विचारतोस, ती त्या वेड्या देशातच राहते."

मी दोनदा उत्तर लिहिलं, दोनदा पुसलं आणि रात्रपाळीला निघून गेले. तेव्हापासून ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. पिस्तूल द्या. कुठलं? आणि कुणाच्या हातात?

मी पावणेपाच फूट उंच आहे. वजन सेहेचाळीस किलो. बांगडीचं माप सव्वादोन. साताऱ्यात आमचे कासारकाका हात हातात घ्यायचे, अंगठ्याखालचं हाड दाबून बघायचे आणि डब्याकडे न बघता नेमक्या मापाच्या बांगड्या काढायचे. माप चुकलं तर काच फुटून हातात घुसते, हे त्यांना ठाऊक होतं. पिस्तुलाचंही तसंच आहे, आणि हे मला ह्यूस्टनजवळच्या केटीमध्ये, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी कळलं.

आधीची नऊ वर्षं प्रश्नच नव्हता. एच-वन, एच-फोर या तात्पुरत्या व्हिसांवर असताना इथे सहसा शस्त्र विकत घेता येत नाही. ग्रीन कार्ड आलं, त्यानंतर एका दुकानात गेले. काउंटरवरच्या माणसाने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि दुकानातलं सगळ्यात लहान, सगळ्यात हलकं रिव्हॉल्व्हर पुढे ठेवलं. स्मिथ अँड वेसनचं ६४२. पाच गोळ्यांचं, रिकामं असताना अर्ध्या किलोहूनही कमी. "बायकांना हेच आवडतं," तो म्हणाला. मलाही हातात घेतल्यावर आवडलं. शेजारच्या रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या सरावाच्या जागी, पाच गोळ्या झाडल्या आणि अंगठा आणि तर्जनीमधली कातडी लाल झाली. चाप इतका जड की ओढता ओढता नळी डावीकडे सरकायची. तीन यार्डांवरून माझी एक गोळी कागदाबाहेर गेली.

लहान बाईला लहान पिस्तूल, हे ऐकायला बरोबर वाटतं, पण ते साफ उलटं आहे. काडतूस तेच असेल तर पिस्तूल जितकं हलकं तितका धक्का हाताला जास्त. वजन असेल तर धक्का पिस्तूल खातं, नसेल तर मनगट खातं. मूठ फार आखूड असेल तर करंगळी हवेत लोंबते आणि पकड निम्मी होते. पकड ढिली पडली की छोटी पिस्तुलं अडकतात, स्लाइड, म्हणजे नळीवरचा मागेपुढे सरकणारा भाग, पूर्ण मागे जात नाही आणि पुढची गोळी भरली जात नाही.

दुसऱ्या रेंजवर शिकवायला एक बाई होत्या, साठीच्या, पूर्वी शाळेत पीटी शिकवणाऱ्या. त्यांनी पिस्तुलाला हात लावायच्या आधी माझा हात धरला. अंगठ्याखालचं हाड दाबलं, तर्जनी सरळ करून बघितली. मी तिथे उभी राहून कासारकाकांच्या दुकानात पोचले होते. माझे डोळे भरून आले आणि त्यांना वाटलं मी घाबरले.

त्यांनी सांगितलेलं मी मराठीत लिहून ठेवलंय. पिस्तूल असं धरायचं की नळी, मनगट आणि कोपर एका रेषेत येतील. तसं धरून बोटाचं पहिलं पेर चापावर टेकलं पाहिजे. टेकत नसेल तर हात नकळत मुठीभोवती फिरतो आणि सगळा धक्का अंगठ्याच्या सांध्यावर येतो. ज्यात पेर टेकत नाही ते पिस्तूल कितीही नावाजलेलं असो, खाली ठेवायचं.

स्लाइड ओढण्यावर सगळ्या बायका अडतात. मीही अडले. ग्लॉक ४३ ची स्लाइड माझ्याकडून निम्म्यावरच यायची. बाई म्हणाल्या, "तू ओढतेयस. ओढू नको, ढकल." पिस्तूल छातीजवळ आणायचं, नळी समोर निशाणाकडेच, डाव्या तळव्याने स्लाइड वरून घट्ट धरायची आणि उजव्या हाताने मूठ पुढे ढकलायची. नळावरचा हंडा आपण दंडाने उचलत नाही, अंगाजवळ घेऊन कमरेने उचलतो, तसंच. त्या दिवशी ग्लॉकचीही स्लाइड आली. तोपर्यंत स्मिथ अँड वेसनचं शील्ड ईझी घ्यायचं जवळजवळ पक्कं झालं होतं. ते २०१८ मध्ये खास नरम स्प्रिंग देऊन आणलेलं पिस्तूल आहे, थ्री-एटी या मापाची आठ काडतुसं घेतं. संधिवात असलेल्या किंवा हातात जोर नसलेल्या कुणालाही मी आजही तेच सुचवीन. माझी अडचण वेगळी होती. माझी कंबर आणि बरगड्या यांच्यात वीतभर जागा नाही. ईझी कमरेला खोचलं की त्याची मूठ कुर्त्यातून टोचून वर दिसायची आणि खाली बसलं की नळी जांघेत रुतायची. नळी कपड्यात लपते, मूठ लपत नाही, हे पुरुषांना फारसं जाणवत नाही, कारण त्यांचं धड लांब असतं.

शेवटी चार महिने भाड्याने वेगवेगळी चालवून झाल्यावर सिगचं पी३६५ घेतलं. नाईन एमएम, दहा काडतुसांचं मॅगझिन, जाडी इंचभर, वजन पाचशे ग्रॅमच्या आसपास. धक्का ईझीपेक्षा जास्त आहे, पण माझं पेर चापावर बरोबर टेकतं.

पाचशे ग्रॅम म्हटल्यावर मला 'निर्भीक' आठवतं. २०१४ च्या जानेवारीत कानपूरच्या सरकारी कारखान्याने बायकांसाठी म्हणून ते रिव्हॉल्व्हर काढलं, पॉइंट थर्टी-टूचं, तेही पाचशे ग्रॅमच्या आसपास, किंमत सव्वा लाखाच्या घरात. नाव दिल्लीच्या त्या मुलीवरून. तेव्हाही ग्रुपवर मेसेज फिरले होते आणि सगळ्यांत वजन होतं, किंमत होती, पर्समध्ये मावतं हे होतं. ते झाडायला शिकायचं कुठे, हे एकातही नव्हतं. साताऱ्यातली एखादी नर्स सव्वा लाख भरून, परवान्यासाठी महिनोन्‌महिने खेटे घालून ते घेईलही. मग आठवड्याला पन्नास गोळ्या कुठे झाडणार? इथे टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून एकवीस वर्षांवरच्या पात्र माणसाला जवळ बाळगायला परवाना लागत नाही. तरी मी परवान्याची परीक्षा दिली. तीन, सात आणि पंधरा यार्डांवरून मिळून पन्नास गोळ्या, अडीचशेपैकी पावणेदोनशे गुणांना पास. मला दोनशे एकोणतीस मिळाले. हा आकडा मी माहेरी कुणालाच सांगितलेला नाही.

आणि पर्स! पर्समध्ये तर मुळीच नाही. २०१४ च्या डिसेंबरमध्ये आयडाहोतल्या हेडन गावात वॉलमार्टमध्ये एका आईच्या पर्समधलं पिस्तूल तिच्या दोन वर्षांच्या मुलाच्या हाती लागलं आणि आई जागच्या जागी गेली. तिला शस्त्र हाताळायची सवय होती. माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. पिस्तूल एक तर माझ्या अंगावर असतं, चाप पूर्ण झाकणाऱ्या कडक होल्स्टरमध्ये, नाही तर तिजोरीत. मंडळाच्या गणपतीला नऊवारी नेसते तेव्हा तिजोरीतच. ज्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये मी काम करते त्याच्या दारावर मनाईची पाटी आहे, म्हणून रात्रपाळीला रात्रभर गाडीतल्या सीटखाली, साखळीने बांधलेल्या पोलादी डब्यात. तो डबा बंद करताना मला नेहमी सुझॅना हप आठवतात. १६ ऑक्टोबर १९९१ ला टेक्सासमधल्याच किलीनच्या कॅफेटेरियात त्यांच्या डोळ्यांदेखत एका माणसाने तेवीस जणांना मारलं, त्यात त्यांचे आईवडील होते. त्यांचं रिव्हॉल्व्हर कायद्याला भिऊन गाडीत ठेवलेलं होतं. पुढे त्या आमदार झाल्या.

मावशीला म्हणायचं आहे ते मला कळतं. २४ मे २०२२ ला युवाल्डीच्या शाळेत एकोणीस मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या, ते गाव माझ्याच राज्यात आहे. माझी मुलगी वर्गात दिवे मालवून, भिंतीला टेकून, तोंडावर हात ठेवून बसायचा सराव करते आणि घरी येऊन ते मला सांगते. मला त्याचं समर्थन करायचं नाही. पण ज्या ग्रुपवर आमच्या देशाला वेडा म्हणतात, त्याच ग्रुपवर बायकांना शस्त्रं वाटायची भाषा होते, आणि दोन्ही बाजूंना माझ्याकडून फक्त साक्ष हवी असते. 'आमच्या देशाला' असं मी आत्ताच लिहून गेले. ते खोडत नाही.

पिस्तूल मी का घेतलं ते सांगते. नवरा महिन्यातले दोन आठवडे मिडलंडला तेलाच्या कामावर असतो. एका पहाटे रात्रपाळीहून येताना एक पिकअप माझ्यामागे लागली. आय-टेन महामार्गाच्या फीडरवर, म्हणजे शेजारच्या रस्त्यावर, मी वळेन तिथे ती वळत होती. मी घरी गेले नाही, ९११ लावून उजेडाच्या दुकानापुढे जाऊन थांबले, ती निघून गेली. तेव्हा पिस्तूल असतं तरी करायचं हेच होतं, गाडी चालवत राहायचं. तरीही दुसऱ्या महिन्यात मी दुकानात गेले, कारण त्या रस्त्यावर फोन हातात घेऊन मी विचार केला की आणखी कुणाला लावू, आणि मला एकही नाव सुचलं नाही. तेरा वर्षं या गावात राहून. साताऱ्यात वाड्यात एक हाक मारली असती तर आठ दारं उघडली असती.

हे मी खूप दिवस स्वतःला सांगत होते. पण त्याच वाड्यात माडीवरच्या वहिनींना त्यांचा नवरा मारायचा, तेव्हा आठही दारं बंद असायची, आमचंसुद्धा. वहिनींच्या हातात कुठलं पिस्तूल बसलं असतं? कराडला कॉलेजला जाताना एसटीत मी मुठीत सेफ्टी पिन धरून बसायचे. आई ती रोज सकाळी स्वतः माझ्या ओढणीला लावून द्यायची. ती कशासाठी, हे आम्ही दोघी कधी बोललो नाही.

मामेभावाला मी अखेर लिहिलं की पिस्तुलाचं सोड, आधी वहिनीचा, तुझ्या बायकोचा, हात एकदा हातात घेऊन बघ आणि तिला विचार तिला कशाची भीती वाटते. त्याने हात जोडल्याची खूण पाठवली.

दर शनिवारी रेंजवर जाताना मी बांगड्या काढून गाडीत ठेवते, कारण स्लाइड मागे येताना काच लागते. मागच्या शनिवारी परत घालायच्या राहिल्या आणि आईचा व्हिडिओ कॉल आला. "हात रिकामे का गं?" तिने विचारलं. मी म्हटलं, "लॅबमध्ये चालत नाहीत." ती थोडा वेळ बघत राहिली. मग म्हणाली, श्रावणात कुणी येणारं असेल तर हिरव्या पाठवते, माप अजून सव्वादोनच आहे ना?