सर्व्हिसिंग झालं, दिवा लागला

सर्व्हिसिंगला जाण्याआधी गाडीला काहीही झालेलं नसतं, हे आधी मान्य करू या. दहा हजार किलोमीटर झाले म्हणून आपण तिला नेऊन सोडतो. ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर आणि वेळ झाली असेल तर प्लग, इतकंच काम. ती परत येते ती न्हाऊनमाखून, पायाखाली कागद अंथरून, डॅशबोर्डला पॉलिश लावून. आणि दुसऱ्या दिवशी सिग्नलला त्याच चकचकीत डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो.

दुसऱ्याच दिवशी का? यात कुणाचं कारस्थान नाही. बरेचसे दोष ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर, पहिल्या फेरीत नुसते टिपून ठेवतो आणि पुढच्या फेरीतही दिसले तरच दिवा लावतो. गॅरेज ते घर ही पहिली फेरी, घर ते ऑफिस ही दुसरी. तोवर आपण 'काम समाधानकारक' या ओळीखाली सही करून मोकळे झालेलो असतो.

फोन केला की ठरलेलं उत्तर येतं, "सेन्सर असेल साहेब. घेऊन या, दिवा काढून देतो." दिवा काढणं म्हणजे बाळ रडतंय म्हणून त्याच्या तोंडावर हात ठेवणं. बॅटरीची निगेटिव्ह वायर थोडा वेळ काढून ठेवली की बहुतेक गाड्यांत दिवा जातो, पण त्याच्याबरोबर दोषाची नोंद करणारा कोड जातो, दोष घडला तेव्हाचा वेग-तापमानाचा तपशील जातो आणि इंजिनाने शिकलेलं आयडलिंगही (गाडी उभी असताना संथ चालत राहणं) जातं. दिवा मात्र दोन दिवसांनी परत येतो, माहेरपण आटोपून आल्यासारखा.

दिवा स्थिर असेल आणि गाडी नीट चालत असेल, तर सावकाश घरी जाता येतं. तो लुकलुकत असेल तर मिसफायर चालू आहे, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाही: न जळलेलं पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळतंय. तेव्हा गाडी बाजूला घ्यायची. प्लगच्या कामात कन्व्हर्टरचं बिल वाढवून घेण्यात शहाणपण नाही.

आता बॉनेट उघडा आणि मेकॅनिकचा हात कुठे कुठे फिरला असेल, एवढंच बघत जा. काल ज्याला हात लागला नाही ते आज बिघडायचा योगायोग कधीमधीच. माझा पहिला संशय एअर फिल्टरच्या डब्यावर. डब्यातून निघणाऱ्या नळीवर हवा मोजणारा मॅफ सेन्सर असतो (अनेक छोट्या पेट्रोल गाड्यांत त्याऐवजी हवेचा दाब मोजणारा मॅप असतो) आणि त्यात खोचलेला चार-पाच तारांचा कनेक्टर. तो बसल्यासारखा दिसतो, पण त्याची प्लॅस्टिकची जीभ खाचेत अडकलेली नसते. अंगठ्याने दाबा. 'टक्' आवाज आला तर तपास संपला. मग डब्याच्या क्लिपा, नळीचा क्लॅम्प आणि बाजूची बारीक रबरी नळी, जी काढल्यावर परत लावायची असते हे कुणाच्या तरी लक्षात राहत नाही. ऑइलची डिपस्टिक आणि झाकणही घट्ट बसवा. मॅफवाल्या काही गाड्यांत तेवढ्या फटीतूनही न मोजलेली हवा आत जाते.

तरी उलगडा झाला नाही तर स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटात कोड वाचणारा ब्लूटूथचा स्वस्त स्कॅनर लावा. पी ०१०२ आणि पी ०११३ जोडीने आले तर मॅफचा कनेक्टर निघालाय असं समजा, कारण बऱ्याच गाड्यांत हवेचं तापमान मोजणारा सेन्सरही त्यातच बसवलेला असतो. पी ०१७१ म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. इथे बहुतेक लोक ऑक्सिजन सेन्सर बदलतात. आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी. त्या बिचाऱ्याने फक्त चहाडी केलेली असते. त्यापेक्षा फ्युएल ट्रिमचा, म्हणजे ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतोय त्याचा, आकडा बघा. पाच-दहा टक्क्यांपर्यंत ठीक. आयडलिंगला पंचवीस आणि २५०० आरपीएमला पुन्हा जाग्यावर, तर कुठेतरी नळीतून हवा शिरतेय. उलट रेस दिल्यावर वाढत असेल तर मॅफ घाण झालाय किंवा पेट्रोलचं प्रेशर कमी पडतंय. मॅफला कॉम्प्रेसरची हवा मारू नका, आतली तार केसासारखी असते. त्याचा वेगळा स्प्रे मिळतो.

पी ०३०२ म्हणजे दुसऱ्या सिलिंडरचा मिसफायर. प्लग बदललेत किंवा हौसेने इंजिन धुतलंय, तर प्लगला ठिणगीची वीज देणारी कॉइल काढून खालच्या खळग्यात पाणी साचलंय का बघा. कोरडं असेल तर दुसरी आणि तिसरी कॉइल अदलाबदल करा. कोड पी ०३०३ झाला तर कॉइल दोषी. दुसऱ्यातच राहिला तर प्लग किंवा इंजेक्टर.

दरम्यान अमेरिकेतला भाचा व्हॉट्सअ‍ॅपवर सांगतो, "मामा, पेट्रोलची टोपी घट्ट कर." त्याच्याकडच्या गाड्या टाकीची गळतीही तपासतात, म्हणून त्याचं बरोबर आहे. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्या तेवढ्या खोलात शिरत नाहीत. तरी टोपी फिरवा, भाचा दुखावू नये.

दोष निघाला की तीन स्वच्छ फेऱ्यांनंतर दिवा आपोआप विझतो. नेमका तेव्हाच गॅरेजातून फोन येतो, "साहेब, फीडबॅकचा कॉल येईल. दहापैकी दहा द्याल ना?"